सायलेन्सर बदलला की गाडीचं ॲव्हरेज वाढतं का?

गाडी चार-पाच वर्षांची झाली की गॅरेजमध्ये कोणीतरी हमखास सुचवतं, "कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा दम कोंडतो. फ्री-फ्लो बसवा, पिकअप वाढेल आणि ॲव्हरेजही दोन-तीन किलोमीटरनं सुधारेल." ऐकायला हे पटतं. धूर सहज बाहेर पडला तर इंजिनाचे कष्ट कमी होणार, आणि कष्ट कमी झाले तर पेट्रोल वाचणार, यात चुकीचं काय?

विचाराची दिशा चुकीची नाही, पण त्यात आकडा नाही. कष्ट कमी होतील, पण किती? आणि गाडी रोज ज्या वेगानं चालते त्या वेगाला ते कष्ट मुळात असतात तरी किती? या प्रकरणात तोच हिशेब मांडू. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

१. इंजिनापासून शेपटापर्यंत

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये चार क्रिया एकामागून एक होतात. हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं, दाबलं जातं, पेटतं, आणि जळलेला वायू बाहेर ढकलला जातो. एक्झॉस्टचं काम या चौथ्या क्रियेपासून सुरू होतं.

सिलिंडरमधून निघालेला वायू आधी मॅनिफोल्डमध्ये शिरतो. चार सिलिंडरच्या चार वाटा इथे एकत्र येतात. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं तुलनेनं निरुपद्रवी वायूंमध्ये रूपांतर इथे होतं. त्यापुढे लांब नळी आणि शेवटी मफलर. यालाच आपण सायलेन्सर किंवा मागचा डबा म्हणतो. या डब्यात कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात, आणि आवाजाच्या लाटा त्यांत एकमेकींना मारतात.

या प्रत्येक टप्प्यावर वायूला थोडा विरोध होतो. विरोधामुळे इंजिनाच्या तोंडाशी जो जादा दाब साचतो, त्याला बॅक प्रेशर म्हणतात. बाजारात बहुतेक जण फक्त मागचा डबा बदलतात. विरोधाचा मोठा भाग मात्र मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरमध्ये असतो, आणि डबा बदलल्यानं त्या भागाला हातही लागत नाही.

२. पूर्ण ताकदीला किती नुकसान होतं?

बाराशे सीसीचं, म्हणजे १.२ लिटरचं, सुमारे ८० अश्वशक्तीचं इंजिन घेऊ. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांमध्ये असंच इंजिन असतं. किलोवॅटमध्ये त्याची ताकद साधारण ६० भरते.

समजा, ही गाडी आपण ६,००० आरपीएमला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पळवतो आहोत. दर दोन फेऱ्यांमागे इंजिन एकदा १.२ लिटर जागा रिकामी करतं, म्हणजे मिनिटाला ३,००० वेळा. हे झाले ३,६०० लिटर, सेकंदाला ६० लिटर. आता एक्झॉस्टमधला जादा दाब २० किलोपास्कल धरू. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल असतो, म्हणजे हा त्याचा पाचवा हिस्सा झाला.

दाब गुणिले सेकंदाला रिकामी होणारी जागा, एवढंच सूत्र. २० किलोपास्कल गुणिले ६० लिटर म्हणजे १,२०० वॅट, सुमारे १.६ अश्वशक्ती. एक्झॉस्टचा सगळा विरोध जादूनं नाहीसा झाला तरी ढकलण्याच्या कष्टातून ८० पैकी एवढीच ताकद परत मिळते, म्हणजे दोन टक्के.

याला थोडी जोड मिळते. जुना वायू नीट बाहेर गेला की नव्या हवेला सिलिंडरमध्ये जास्त जागा मिळते. म्हणून मॅनिफोल्डपासून शेवटपर्यंत सगळी यंत्रणा विचारपूर्वक बदलली, तर अशा इंजिनात दोन-चार अश्वशक्ती वाढू शकतात. फायदा खरा आहे, पण तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असताना आणि आरपीएम वर असतानाच मिळतो.

तीन अश्वशक्ती म्हणजे ८० च्या पावणेचार टक्के. दोन माणसांसह गाडीचं वजन १,०५० किलो धरलं, तर त्याचे पावणेचार टक्के सुमारे ४० किलो होतात. वेग घेण्यापुरतं पाहिलं तर डिकीतलं ४० किलो सामान उतरवल्यावर जवळपास तेवढाच फरक पडतो.

३. रोजच्या वेगाला काय होतं?

आता ॲव्हरेजचा प्रश्न घेऊ. हीच गाडी सपाट महामार्गावर, टॉप गिअरमध्ये, ताशी ८० किलोमीटरनं शांतपणे चालली आहे. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण यांवर मात करायला तिला साधारण ८ किलोवॅट लागतात. इंजिन ६० किलोवॅटचं आहे, पण मागणी फक्त आठाची आहे.

मागणी कमी, म्हणून जळणारी हवाही कमी आणि बाहेर जाणारा वायूही कमी. तो पूर्ण ताकदीच्या वेळच्या पाचव्या हिश्शाएवढा धरू. नळीतल्या विरोधाचा एक महत्त्वाचा नियम आहे. प्रवाह निम्मा झाला की विरोध निम्मा होत नाही, साधारण चौथा हिस्सा होतो. प्रवाह पाचवा हिस्सा झाला तर विरोध पंचविसावा हिस्सा होतो. २० किलोपास्कलचा पंचविसावा हिस्सा म्हणजे ०.८ किलोपास्कल.

इंजिन आता २,२०० आरपीएमला फिरतं आहे, म्हणजे सेकंदाला २२ लिटर जागा रिकामी होते. ०.८ गुणिले २२ बरोबर सुमारे १८ वॅट. घरातली एलईडी ट्यूब साधारण एवढीच वीज घेते.

८,००० वॅटमधले १८ वॅट म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर एक्झॉस्टचा विरोध शून्य करूनही लिटरमागे फक्त ४५ मीटर वाढतात. कोणताही सायलेन्सर विरोध शून्य करू शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येतं ते याहूनही कमी. "दोन-तीन किलोमीटर वाढेल" हे आश्वासन या हिशेबात कुठेच बसत नाही.

४. मग इंजिनाचा दम कोंडतो कोण?

इंजिनाला श्वास घ्यायला त्रास होतो हे खरं आहे. मात्र रोजच्या वेगाला तो त्रास आत येणाऱ्या वाटेवर असतो, बाहेर जाणाऱ्या वाटेवर नसतो.

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरला जोडलेली एक गोल झडप हवेच्या वाटेवर बसवलेली असते. तिला थ्रॉटल म्हणतात. पाय हलका ठेवला की ती जवळजवळ बंद होते. हवा कमी, म्हणून पेट्रोल कमी, म्हणून ताकद कमी. गाडी आपल्या ताब्यात राहते ती या झडपेमुळे. पण पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढावी लागते, आणि फटीच्या आतल्या बाजूला दाब बराच खाली जातो.

वरच्याच उदाहरणात हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा ५० किलोपास्कलनं कमी आहे असं धरू. ५० गुणिले २२ लिटर म्हणजे १,१०० वॅट. एकीकडे सगळ्या एक्झॉस्टचे १८ वॅट, दुसरीकडे थ्रॉटलचे १,१००. साठपट फरक! जी वाट खरोखर अरुंद आहे ती तशीच ठेवून, आधीच रुंद असलेली वाट आपण पैसे देऊन आणखी रुंद करत असतो.

थ्रॉटलचं हे नुकसान एक पैसाही खर्च न करता कमी करता येतं. त्याच वेगाला वरचा गिअर टाकला की आरपीएम खाली येतात, तेवढीच ताकद मिळवायला झडप जास्त उघडावी लागते, आणि हवा ओढायचे कष्ट घटतात. इंजिन थरथरत किंवा ठोकत नसेल, तर वेळेवर वरच्या गिअरमध्ये जाणं ही ॲव्हरेज वाढवण्याची अतिशय खात्रीची रीत आहे.

५. "थोडं बॅक प्रेशर हवंच" हे खरं का?

फ्री-फ्लोला विरोध करणारे मेकॅनिक उलट टोकाची गोष्ट सांगतात, की बॅक प्रेशर गेलं तर गाडी खालच्या आरपीएमला मरते. त्यांचा अनुभव खरा असतो. कारण मात्र वेगळं आहे.

फलाटावरून जलद लोकल न थांबता गेली की तिच्यामागे हवा ओढली जाते आणि रुळांमधले कागद तिच्या पाठोपाठ पळतात. नळीतून वेगानं जाणारा वायूचा झोतही तसाच आपल्यामागे कमी दाबाची जागा सोडतो. तो कमी दाब नेमका दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळी पोचला, तर तिथला वायू ढकलावा लागत नाही, ओढला जातो. चांगल्या मॅनिफोल्डचं कसब या वेळेच्या जुळणीत असतं. चार सिलिंडरच्या नळ्या आधी दोन-दोन करून जोडायच्या आणि मग एक करायच्या, की थेट चारही एकत्र आणायच्या, यावर मधल्या आरपीएमची ओढ वाढते की वरच्या, हे ठरतं.

नळी गरजेपेक्षा रुंद केली की तेवढाच वायू त्यातून हळू जातो. झोताचा वेग मंदावतो, मागची ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क घटतो. म्हणजे इंजिनाला हवा असतो वायूचा वेग, दाब नव्हे. सिग्नलवरून गाडी उठायला जड वाटते, मग चालक ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहतो, आणि ॲव्हरेज वाढण्याऐवजी कमी होतं.

टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. तिथे एक्झॉस्ट हा इंजिनाचाच एक अवयव असतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्यानं १९५० च्या दशकात फुगीर पोटाची एक्झॉस्ट नळी विकसित केली. तिच्यातून परत फिरणारी दाबाची लाट, बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. या तंत्रानं १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाची ताकद २५ अश्वशक्तीपर्यंत गेली. लिटरच्या हिशेबात हे २०० अश्वशक्ती होतात. त्याच वर्षी त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं, आणि १९६२ मध्ये सुझुकीनं ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. आपल्याकडच्या यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचा सायलेन्सर बदलला की स्वभाव बदलायचा, तो याच कारणानं. त्या काळातला अनुभव आजच्या फोर-स्ट्रोक कारला लावणं मात्र चुकीचं आहे.

६. गाडीतला संगणक काय म्हणतो?

आजच्या कारमध्ये पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सतत सांगत असतो की जळून झाल्यावर किती ऑक्सिजन उरला. वजनानं १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण राखलं तर इंधन पूर्ण जळतं आणि कन्व्हर्टर नीट काम करतो. म्हणून साध्या वेगाला ईसीयू मिश्रण पुन्हा पुन्हा याच प्रमाणावर आणतो. तुम्ही डबा बदला की तसाच ठेवा, त्याचं उत्तर तेच राहतं.

कार्बुरेटरच्या जुन्या मोटारसायकलींना हा संगणक नसतो. त्यांचा सायलेन्सर मोकळा केला की मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. इंजिन तापतं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर नळीत फटफट आवाज येतो. मग मोठा जेट बसवून जादा पेट्रोल सोडलं जातं, म्हणजे उपायाचा खर्चही ॲव्हरेजमधूनच वसूल होतो.

काही जण एक पाऊल पुढे जाऊन कन्व्हर्टरच काढून टाकतात. त्याच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. शुद्धीकरण थांबलंय हे तो ओळखतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पण दिव्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. नीट तापलेला कन्व्हर्टर विषारी वायूंचा ९० टक्क्यांहून जास्त भाग नष्ट करतो. तो काढला की ते सगळं थेट मागच्या माणसाच्या छातीत जातं. तो रिक्षावाला असतो, सिग्नलवरचा वाहतूक पोलीस असतो, आईच्या स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं पोर असतं.

कन्व्हर्टर ॲव्हरेज खातो हा समजही इतिहासाशी जुळत नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर सर्रास आले, आणि त्या वर्षीच्या गाड्यांचं ॲव्हरेज आधीच्या वर्षापेक्षा वाढलं. त्याआधी धूर कमी करण्यासाठी इंजिनाचं प्रज्वलनच बिघडवून ठेवावं लागे. सफाईचं काम कन्व्हर्टरनं उचलल्यावर अभियंत्यांना इंजिन पुन्हा कार्यक्षमतेसाठी जुळवता आलं. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर बंधनकारक झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानकं आली, आणि आता सगळं इंजिन कन्व्हर्टरला धरूनच आखलं जातं.

७. टर्बो गाड्यांचं काय?

टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या झोतावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जादा हवा कोंबतं. या चक्राच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक जितका मोठा, तितकं ते जोरात फिरतं. म्हणून टर्बो गाडीत मागचा विरोध कमी केल्याचा फायदा साध्या इंजिनापेक्षा जास्त असतो. पण टर्बोचा दाब किती वाढू द्यायचा हेही ईसीयूच ठरवतो. त्याचा कार्यक्रम न बदलता नुसती नळी बदलली तर फायद्याचा बराचसा भाग तो रोखून धरतो. आणि कार्यक्रम बदलून ताकद वाढवली, तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सवरचा ताण वाढतो आणि कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते.

बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. सतत कमी अंतराच्या आणि कमी वेगाच्या फेऱ्या मारल्या की तो तुंबतो. मग काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी जादा डिझेल वापरते आणि ॲव्हरेज पडतं. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगानं अर्धा तास गाडी चालवली की तो सहसा स्वतःच साफ होतो. फिल्टर काढून टाकणं हा यावरचा उपाय नव्हे. त्यानं काजळी फक्त गाडीतून लोकांच्या फुप्फुसात जाते.

८. एक्झॉस्टमुळे ॲव्हरेज खरोखर वाढतं ते केव्हा?

एक्झॉस्ट बिघडलेला असेल आणि तो दुरुस्त केला, तेव्हा. तीन बिघाड ओळखून ठेवावेत.

पहिला, तुंबलेला कन्व्हर्टर. प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली वीट वितळते आणि छिद्रं बुजतात. मग विरोध खरंच प्रचंड वाढतो. गाडी घाटात दम टाकते, वेग चढत नाही, पेट्रोल जास्त जातं. इथे नवा कन्व्हर्टर बसवल्यावर जाणवणारा फरक खराखुरा असतो.

दुसरा, सेन्सरच्या आधीची गळती. मॅनिफोल्डला तडा गेला किंवा गॅस्केट उडालं, की दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो जादा सोडतो. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येत असेल तर ही शंका घ्यावी.

तिसरा, गंज. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, पण दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत डब्यात साचतं आणि तो आतून सडतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत बाहेरूनही गंज चढतो. डब्याच्या तळाला पाणी गळण्यासाठी असलेलं बारीक भोक बुजवू नये, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवावी.

९. फरक पडला की नाही, हे कसं मोजायचं?

"मी बदलला आणि ॲव्हरेज वाढलं" असं सांगणारे भेटतातच. ते खोटं बोलत नसतात, पण त्यांचं माप बहुधा कच्चं असतं. समजा टाकी फुल करून ३६० किलोमीटर चाललो आणि पुन्हा फुल करताना २० लिटर बसलं, तर ॲव्हरेज १८ आलं. पण पंपाचं नोझल या वेळी एक लिटर आधीच बंद पडलं असेल, तर १९ लिटरच भरलं जाईल आणि ॲव्हरेज जवळपास १९ दिसेल. गाडी तीच, रस्ता तोच, तरी पाच टक्के फरक पडला.

त्यात टायरची हवा, एसी, वाहतूक आणि नव्या वस्तूच्या कौतुकानं काही दिवस जपून चालवणं यांची भर पडते. पाव टक्क्याचा परिणाम या गोंधळात दिसणं शक्यच नाही. खरंच मोजायचं असेल तर एकाच पंपावर, एकाच हवेच्या दाबानं, एकाच मार्गावर बदलाआधी पाच आणि बदलानंतर पाच टाक्यांचं एकूण अंतर आणि एकूण लिटर लिहून भागाकार करावा.

आवाजाचाही परिणाम होतो. मोठा आवाज आला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. घड्याळ लावलं की तो वेग बहुतेक वेळा दिसत नाही.

१०. कायदा आणि निर्णय

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार आवाजाची किंवा प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही तीन महिने निलंबित होतं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ लागतं, त्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

तेव्हा निर्णय अवघड नाही. बंद ट्रॅकवर शर्यत लावायची असेल तर मॅनिफोल्डपासून ईसीयूपर्यंत सगळी यंत्रणा जाणकाराकडून जुळवून घ्या. तिथे दोन-चार अश्वशक्तीही मोलाच्या असतात. रस्त्यावरच्या गाडीला ॲव्हरेज हवं असेल तर ते पैसे प्लग आणि चांगल्या टायरवर घाला, टायरची हवा दर पंधरवड्याला तपासा, वरचा गिअर वेळेवर टाका. आणि गॅरेजवाल्यानं फ्री-फ्लो सुचवला तर त्याला एकच विचारा: ताशी ८० किलोमीटरला माझ्या गाडीत बॅक प्रेशर किती आहे? ते साध्या गेजनं मोजता येतं. ते जास्त निघालं तर गाडी दुरुस्त करून घ्या, कमी निघालं तर पैसे खिशातच राहू द्या.